कोपऱ्यातलं बोट

“आई, बोट!”

कुसाबाईंनी फोन खाली घेतला. “आलं का परत?”

“परत. बघ.”

पूजाने आपल्या फोनवर आलेला फोटो पुढे धरला. रुद्र वरणभात डोक्यावर थापून हसत होता. फोटो सुरेख होता. फक्त डावीकडे, कोपऱ्यात, एक काळपट गोल होता.

“मेलं ते बोट,” कुसाबाई म्हणाल्या. “कांदे काढून काढून वाकडं झालंय. नको तिथं जातंय.”

पूजाने फोटो कातरला. बोट गेलं, रुद्र उरला. तो तिने स्टेटसला टाकला.

रुद्र झाला तेव्हा कुसाबाई देवळ्याहून लेकीकडे आल्या, त्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्येच राहिल्या. पूजा सकाळी बँकेत जायची ती अंधार पडल्यावर यायची. रुद्रचा सगळा दिवस आजीसमोर घडायचा. पूजाच्या वाट्याला यायचे ते फोटो. म्हणून तिने आईला नवा फोन घेऊन दिला आणि एका रविवारी शिकवायला बसली.

“दिवा लावायचा नाही. त्याला गॅलरीच्या दाराशी बसव, उजेड बाजूने येऊ दे. आणि उभ्याने काढू नकोस. त्याच्या डोळ्यांइतकं खाली यायचं.”

कुसाबाई गुडघे धरत बसल्या, मग सरळ फरशीवर पालथ्या झाल्या. “एवढी तर मी तुझ्या बापापुढंबी वाकले नाय.”

“आता स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकव, म्हणजे तो स्पष्ट येतो. ‘इकडं बघ, इकडं बघ’ करायचं नाही. खेळू दे त्याला.” पूजाने ओलं फडकं घेतलं आणि रुद्रच्या नाकाखालचा शेंबूड, ओठांवरचं दूध, डाव्या गालावरची तीट, सगळं एका हाताने पुसून काढलं. “चेहरा कोरा हवा. डाग लगेच दिसतात फोटोत.”

“बरं,” कुसाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “हे स्टेटस किती जणं बघत्यात गं?”

“दीडशे-दोनशे तरी. बँकेतले, कॉलेजचे, सासरचे.”

“समद्यांना ह्यो दिसतो?”

“सगळ्यांना! परवा साहेब म्हणाले, काय गोड पोरगा आहे.”

“अगं बाई,” कुसाबाई म्हणाल्या आणि पदराने कॅमेऱ्याची काच पुसली.

त्या शिकल्या लवकर. उजेड कळला, उंची कळली. बोट मात्र सुधारेना. रुद्र पहिली पावलं टाकत आला तेव्हा पूजा काउंटरवर होती. जेवणाच्या सुट्टीत तिने फोटो उघडला. दोन्ही हात पसरून तो कॅमेऱ्याकडे येत होता, आणि त्याच्या शेजारी बोट. तिचे डोळे भरून आले आणि रागही आला.

संध्याकाळी तिने आईच्या फोनच्या पाठीला लाल टिकली चिकटवली. “बोट ह्या टिकलीवर. वर न्यायचं नाही.”

“नाय न्यायची,” कुसाबाईंनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी बोट होतंच.

“तू मुद्दाम शिकत नाहीस,” पूजा म्हणाली.

“म्हातारं माणूस मी, बाय. तू कातर की. कातरता येतंय ना तुला?”

चैत्रात एका सकाळी कुसाबाई उठल्याच नाहीत.

तेरावं झालं. माणसं आपापल्या घरी गेली. रुद्र स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून “आजी?” म्हणायचा, उत्तर आलं नाही की पुन्हा म्हणायचा. हार घातलेला फोटो आधार कार्डावरून मोठा केलेला होता. त्यातल्या ताठ, घाबरलेल्या बाईला तो ओळखत नव्हता.

पूजाने आपला फोन पालथा घातला. रुद्र आणि आजी एकत्र असा एकही फोटो नव्हता. काढणारी आई, ती फोटोत कुठून येणार? दोन वर्षांचं पोर. दिवाळीपर्यंत विसरेल. हा विचार आला की ती पुन्हा पहिल्यापासून फोन चाळू लागे.

तशात समोरची हर्षाली आली. दारातच घुटमळली.

“ताई, आत्ता मागणं बरं दिसत नाही. पण काकूंच्या फोनमध्ये आमच्या परीचे फोटो आहेत. पाठवाल?”

“पाठवते गं. बोट असेल त्यात, तेवढं कातरून देते.”

“बोट? कसलं बोट?”

“आईचं. प्रत्येक फोटोत यायचं.”

“काकूंच्या फोटोत?” हर्षालीला खरंच कळेना. “अहो ताई, आपल्या जिन्यातल्या सगळ्या पोरांचे फोटो त्यांनीच काढलेत. फोटोवाला झक मारेल!”

पूजाने आईचा फोन उघडला. परी गॅलरीच्या दाराशी, बाजूने उजेड, डोळ्यांत चमक. वॉचमनची मुलगी सायकलवर. वरच्या मजल्यावरची जुळी. चारी कोपरे लख्ख. कुठेच बोट नव्हतं.

फोटो पाठवून झाले, हर्षाली गेली. मग पूजाने त्याच फोनमधले रुद्रचे फोटो उघडले. न कातरलेले. बोट. पुन्हा बोट. डावीकडेच, प्रत्येक वेळी.

रुद्र मांडीवर चढला. स्वतःच्या चेहऱ्याकडे त्याने बघितलंही नाही. कोपऱ्यातल्या काळ्या गोलावर हात ठेवून तो म्हणाला, “आजी.”

“हो,” पूजा म्हणाली. “आजी.”

त्याला कुशीत धरून ती पुढे सरकवत गेली. मध्येच एक फोटो आला, आईने तिला कधीच न पाठवलेला. दुपार होती. बाजूने उजेड येत होता. सोफ्यावर पूजा स्वतः गाढ झोपली होती, केस विस्कटलेले, तोंड अर्धवट उघडं. फोटो तिच्या चेहऱ्याइतकं खाली येऊन काढला होता, म्हणजे आई फरशीवर गुडघे टेकून बसली असणार. चेहरा अगदी स्पष्ट आला होता.

आणि डाव्या गालाशी, तीट लावल्यासारखं, आईचं बोट होतं.