घुमणारा कोपरा

सबवूफर, म्हणजे बासचा डबा, सोफ्यावर वाजत ठेवून ध्वनितज्ज्ञ हॉलभर रांगत होते. जिथे बास सर्वांत भरीव ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा, अशी त्यांची रीत. एवढे महागडे स्पीकर घेऊनही बास पोकळच येतो, म्हणून श्रीरंगने त्यांना बोलावलं होतं.

खिडकीखालच्या कोपऱ्यात ते थांबले. "इथेच ठेवा. इथे खरा घुमतोय."

पखवाज घेऊन श्रीरंगचे वडील, अण्णा, चाळीस वर्षं इथेच बसायचे. सोफा आणताना त्यानेच त्यांची बैठक आतल्या खोलीत हलवली होती. "आत घुमत नाही रे," अण्णा कुरकुरले, पण त्याने कानाआड केलं. पुढे त्यांनी वाजवणंच सोडलं.

तो आत गेला. "अण्णा, पखवाज बाहेर आणू?"

अण्णांनी बोटांकडे पाहिलं.

"राहू दे. तुझा डबाच ठेव तिथे. त्याचे हात थरथरत नाहीत."