साहेबांची मनाई
बाबांचा देह मलकापूरच्या घरी ओसरीवर ठेवला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या रुखमाबाई चपला न काढता त्यांच्यापाशी येऊ लागल्या, तसे काका ओरडले, “ए बाई, मयतापाशी चपला घालून काऊन येऊन राह्यली वं?” त्या पायरीवरच थांबल्या. “साहेबाचीच मनाई हाय, भाऊ. काढू कशी?” मला ती मनाई ठाऊक होती. बाबा कामगारांचे वकील असताना, कामावरून काढलेल्या रुखमाबाई आणि त्यांच्या सोबतिणी खटल्याच्या पहिल्या तारखेला कोर्टाच्या दाराशी चपला काढून उभ्या राहिल्या होत्या. बाबा त्यांना म्हणाले होते, “घाला पायात. हे काही देऊळ नाही. तुम्ही इथं मांगाले नाही, भांडाले आल्या. माह्यासमोर तं कधीच काढू नका.” पुढे ते कामगार न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दाराशी चपला दिसल्या की पुकारा थांबवायचे आणि पट्टेवाल्याकरवी त्या आधी पायांत घालायला लावायचे. हे सगळं मी काकांना सांगितलं. अंगणात रुखमाबाईंच्या सोबतिणी उभ्या होत्या, सगळ्यांच्या पायांत चपला. काका नाही म्हणाले असते, तर बाबांना न बघताच त्या परत गेल्या असत्या, पण चपला काढल्या नसत्या. हुकूम देणारा माणूस पांढऱ्या चादरीखाली निजला होता आणि हुकूम अजून लागू होता. काका उठून पायरीपर्यंत गेले. “या, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुम्हीही साऱ्या या. तशाच या.”