निळे ठिपके

अफरीननं प्लेट पुन्हा भिंगाखाली सरकवली. ठिपके जागच्या जागी होते. गर्द निळे, मोहरीहून बारीक. एकेक ठिपका म्हणजे रक्तातली एकेक पेशी, टीबीचा जंतू ओळखून जागी झालेली.

"निरोगी म्हणून तुझं रक्त घेतलं," शेजारच्या टेबलावरची सायली हसली, "आणि तूच फितूर निघालीस!"

प्रयोगशाळेची रीतच तशी. रुग्णांच्या रक्ताशी ताडून बघायला पीएचडीची पोरं आपलाच दंड पुढे करायची. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून अफरीननं दुसऱ्यांदा रक्त दिलं. पुन्हा तेच. लहानपणी टोचलेल्या टीबीच्या लशीनं हे ठिपके उठत नाहीत. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ होता. म्हणजे जंतू कधीतरी आत शिरला होता, आणि पेशींनी त्याला कोंडून ठेवलं होतं. वर्षानुवर्षं. तिला कळूही न देता.

दुपारी नामपूरहून तिची अम्मी, आबिदा, आली, तेव्हाही अफरीन बघतच होती.

अफरीन तान्ही असताना आबिदाला टीबी झाला. बाळाला सटाण्याला खालाकडे, आबिदाच्या बहिणीकडे ठेवलं. आबिदा बरी झाली, लेक घरी आली. पण खाला थट्टेत म्हणायची, "तुझ्या अम्मीनं तर वर्षभर तुला हातसुद्धा लावला नाही." खाला हसायची. अफरीनला ते कधी हसण्यावारी नेता आलं नाही. विचारताही आलं नाही.

"बघ अम्मी. जंतू कुठूनही आला असेल, बसमधून, वर्गातून. पण या पेशींनी मला सांभाळलं."

आबिदानं भिंगाला डोळा लावला. "तुला काही होणार नाही ना?"

"नाही गं. डॉक्टरांना दाखवलंय सगळं."

आबिदा तशीच वाकून राहिली. मान वर न करता बोलली, "मी सटाण्याला दवाखान्यात आले की खालाच्या उंबऱ्यातूनच बघायचे तुला. त्या दिवशी तुझी खाला पाण्याला गेलेली. तू रडून रडून निळी पडलीस. मग घेतलं मी तुला उचलून. तोंडाला ओढणी बांधली होती बेटा, घट्ट बांधली होती. खांद्यावर लगेच झोपलीस. तेव्हापासून तू जरा खोकलीस, की माझा जीव जायचा."

भिंगाच्या काचेवर वाफ धरली होती. अफरीननं ती ओढणीच्या टोकानं पुसली.

"सरक ना थोडी," ती म्हणाली. "मला पुन्हा बघू दे."