पट्टीची घडी

सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पाचचा वायरलेस संदेश आलाच नव्हता. शिखरावरून उतरणाऱ्या दोघांपैकी एक जण मोहिमेची डॉक्टर मृदुला हिचा नवरा होता.

"बॅटरी गारठली असेल," बेस कॅम्पवर मोहिमेचे प्रमुख गुर्जर सर म्हणाले. "नाहीतर तुझा श्रीरंग फोटो काढत बसला असेल. अर्ध्या तासात दिसतील."

बोलता बोलता त्यांनी डबीतून तंबाखूची चपटी पट्टी काढली. तीन मोहिमांत मृदुलाला त्यांची सवय कळली होती. थोडेच थांबायचे असेल तर सर पट्टी तळव्यावर चुरून पाइप भरत. ती अर्ध्या तासात जळून जाई. लांबण लागणार असेल तर घडी घालून तशीच कोंबत. ती दोन तास धुमसे.

आज त्यांनी घडी घातली.

"सर, चुरा ना," ती म्हणाली.

सर थांबले. घडी उलगडली, पट्टी चुरली, पाइप भरून काडी ओढली.

सहा पन्नासला पाइपमध्ये राख उरली. वायरलेसवर नुसती खरखर होती. सरांनी दुसरी पट्टी काढली. ती मृदुलाने त्यांच्याकडून घेतली आणि स्वतःच घडी घातली.