चौथी बाटली

फ्लास्कमधलं पाणी अजून लालसरच दिसत होतं. निळं झालं की थांबायचं; तोवर किती द्रावण लागलं, त्यावरून पाण्याच्या जडपणाचा आकडा निघतो. तिने ब्युरेटची, त्या मापखुणांच्या उभ्या काचनळीची, तोटी किंचित सैल केली, एक थेंब पडू दिला आणि फ्लास्क गोल हलवला. लालसर जांभळं. आणखी एक थेंब.

पाणी तपासणीच्या या सरकारी प्रयोगशाळेत गेल्या शनिवारपर्यंत ती विभागप्रमुख होती. समोरच्या काचेच्या खोलीत बसून इतरांच्या आकड्यांखाली सही करायची. आता त्या खुर्चीवर थेंब्या बसत होता. हे नाव तिनेच ठेवलेलं. नवखा असताना रंग बदलून गेला तरी तो थेंब सोडत राहायचा, म्हणून. त्याला ‘तुम्ही’ म्हणायला ती या आठवड्यात शिकली होती. ‘सर’ मात्र अजून तोंडातून निघत नव्हतं.

“मॅडम, आम्ही आता थेंब्यासाहेब म्हणायचं का?” शेजारच्या टेबलावरून सहकाऱ्याने विचारलं.

“तू आपलं काम कर. तुझ्या ब्युरेटमध्ये बुडबुडा अडकलाय.”

“खुर्ची गेली, पण नजर काही जात नाही तुमची!”

ती कसनुसं हसली.

खुर्ची कोणी काढून घेतली नव्हती. तिनेच अर्ज करून सोडली होती. प्रमुखाला घरी जायची ठरलेली वेळ नसते. कुठे गढूळ पाणी आलं की फोन येतो आणि थांबावं लागतं. घरी बाबांना सांभाळणारी बाई साडेपाचला निघते. गेल्या महिन्यात बाबा गॅस चालू ठेवून रस्त्यावर गेले होते, तिलाच शोधायला. शेजाऱ्यांना ते अजून सांगतात, आमची पोरगी मोठी साहेब आहे.

थेंब्या खोलीतून बाहेर आला. तिच्या टेबलाशी वाकून उगाच बाटल्या नीट लावू लागला.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “चौथी बाटली. एकशे ऐंशी.”

तिचा हात थांबला. नियम तिचाच होता. टेबलावर नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याच्या बाटल्यांमध्ये एक बाटली अशी मिसळायची, जिच्यातल्या पाण्याचा आकडा फक्त प्रमुखाला ठाऊक असतो. कोणती, ते सांगायचं नाही. आकडा चुकला तर टेबल नाही. मग गावाबाहेर, धरणावर जाऊन नमुने गोळा करायचे. तिकडची गाडी अंधार पडल्यावर परतते.

“हे सांगायचं नसतं,” ती म्हणाली.

“तुम्हाला कसली आलीय परीक्षा! लिहून टाका आणि मोकळ्या व्हा.”

“ती बाटली मघाशीच केली मी. दोनशे चार आले.”

त्याने मागे वळून पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं.

“इतक्या वर्षांनी हात बसायला वेळ लागतोच. पुन्हा करून बघा.”

“हे पुन्हाच चाललंय.”

त्याने हातातली बाटली खाली ठेवली.

“आणि या एका बाटलीचं तुम्ही सांगितलंत. बाकीच्या सात बाटल्यांचं कोण सांगणार?”

तिने फ्लास्क उचलून खिडकीच्या उजेडात धरला. डोळे बारीक केले. चष्मा काढून पाहिलं, मग पुन्हा घातला. काचेच्या खोलीत बसून सह्या करताना रंग बघायची वेळच कधी आली नव्हती.

“थेंब्या, खरं सांग. निळं कधी झालं?”

त्याने फ्लास्ककडे पाहिलं, मग फरशीकडे.

“मी आलो तेव्हाच निळं होतं, मॅडम.”

तिने तोटी घट्ट बंद केली. ब्युरेटवरचा आकडा वाचला, हिशेब केला आणि कागदावर चौथ्या बाटलीपुढे दोनशे सात लिहिलं. पेन सवयीने खाली घसरलं, प्रमुखाच्या सहीसाठी सोडलेल्या जागेपर्यंत, आणि तिथेच थबकलं.

मग तिने कागद फिरवून त्याच्यापुढे सरकवला.

“सही करा, सर.”