टाकीमागची पुडी

पोट दुखतं म्हणून पंचवटीतल्या वाल्मीकची शौचाची तपासणी झाली, आणि रिपोर्टात यकृतातल्या जंताची अंडी निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका. एकतर तुमच्या यकृतात जंत झालेत, नाहीतर दोन-तीन दिवसांत तुम्ही जंत लागलेल्या बोकडाची कलेजी खाल्लीय. तसं असेल तर ही अंडी नुसती पोटातून बाहेर पडताहेत, रोग नाही. खाल्ली होती का कलेजी?"

वाल्मीकने तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली त्याची बायको मंदा म्हणाली, "छे हो मॅडम, श्रावण चालू आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

वाल्मीकला रविवारची कलेजी फ्राय आठवली. अर्धी त्याने गच्चीत उभ्या उभ्याच हाणली होती आणि उरलेली पुडी पाण्याच्या टाकीमागे लपवली होती. संध्याकाळी परत जाऊन बघतो तर कागद चाटूनपुसून साफ. मेल्या मांजराला त्याने पोटभर शिव्या घातल्या होत्या. आता मंदाच्या चेहऱ्याकडे बघत तो हळूच म्हणाला, "रोगच धरा, मॅडम."

"मग ताईंचीही तपासणी करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच घरातलं खाणंपिणं तुमचं."

"मला कशाला उगाच?" मंदा पदर सावरत उठायला लागली, पण वाल्मीकनेच काळजीने तिला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी मंदाच्याही रिपोर्टात तीच अंडी निघाली, आणि वाल्मीकने त्या मांजराला मनातल्या मनात निर्दोष सोडलं.