अनोळखी अक्षर

"हे अक्षर अवधूतमास्तरचं न्हाई," रामकिशन म्हणाला आणि त्याने दोन्ही पत्रं सौदामिनीबाईंच्या पुढ्यात ठेवली. "मला वाचता येत न्हाई, पर एवढं दिसतंय."

त्याच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून, त्याची धाकटी भावजय केवळाबाई उभी होती. दोघं सकाळीच गावाहून निघून तीन कोस चालत मुदखेडला आले होते. सौदामिनीबाई म्हणजे शाळामास्तरांच्या पत्नी. आसपासच्या खेड्यांतल्या बायका पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडेच येत.

केवळाबाईचा नवरा भुजंग पाच महिन्यांपासून निजामाच्या तुरुंगात होता. सत्याग्रहात सरकारला दारूचं उत्पन्न देणारी शिंदीची झाडं तोडली म्हणून त्याला धरून नेलं होतं. तो कधी शाळेत गेला नव्हता. त्याची आधीची पत्रं त्याच्याच कोठडीतले अवधूतमास्तर लिहून देत. त्यांचं अक्षर गोल, एका ओळीत बसणारं. मग तुरुंगात तापाची साथ आल्याची बातमी आली. बरीच माणसं दगावली म्हणे. पुढे दोन महिने काहीच कळलं नाही. आणि परवा हा कागद आला. अक्षर वेडंवाकडं, वरच्या दोन ओळींवर तुरुंगवाल्यांनी काळी शाई फासलेली.

पटवाऱ्याने तो वाचून रामकिशनला सांगितलं होतं, खुशाल आहे, काळजी नसावी. रामकिशनला ते पटलं नाही. मास्तर तापात गेले, भुजंगही गेला, आणि बोभाटा होऊ नये म्हणून कुणा कारकुनाने चार ओळी खरडल्या, असं तो धरून चालला होता. दोन दिवस त्याच्या पोटात अन्न नव्हतं.

"सोमवारी नदीवर जाऊन त्येचं करून टाकतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हिला म्हणलं, गळ्यातली पोत काढ. ऐकंना. म्हणती, आधी काकूकडून वाचून घेऊ."

सौदामिनीबाईंनी पत्र डोळ्यांखालून घातलं. "पटवारी म्हणाले तेच आहे. खुशाल आहे, थंडी फार पडलीय, थोरल्या भावाला नमस्कार."

केवळाबाईने मान खाली घातली. रामकिशन पत्रं उचलायला पुढे झाला.

सौदामिनीबाईंनी कागद सोडला नाही. कागदावर 'फार' असं लिहिलेलंच नव्हतं. वाचता वाचता आपणच शब्द दुरुस्त करत गेलो होतो. पटवाऱ्यानेही तेच केलं असणार.

"थांबा," त्या म्हणाल्या. "आता जसं लिहिलंय तसंच वाचते. 'मी खुशाल हाय. काळजी करू नको. हितं थंडी लई पडून राहिली. दादाला नमसकार...'"

केवळाबाई चौकट सोडून पुढे आली. "काकू, ते असंच बोलत्यात!"

"आपल्याकडं समदेच असं बोलत्यात," रामकिशन म्हणाला.

"बोलतात, पण लिहीत नाहीत," सौदामिनीबाई म्हणाल्या. "कारकुनाने 'आहे' लिहिलं असतं. हा माणूस तोंडातून निघतं तसं लिहितोय. आणि हे बघा, या ओळींत प्रत्येक अक्षर हललंय. वर्षानुवर्षं लिहिणाऱ्याचा हात असा हलत नाही. हा हात नव्यानं शिकतोय."

त्यांनी अवधूतमास्तरांचं जुनं पत्र शेजारी ठेवलं. मास्तरांच्या 'क'ला खाली एक लांब शेपूट असे. नव्या पत्रातल्या 'क'लाही तसंच शेपूट होतं, फक्त ते कुठे तुटलेलं, कुठे दुसऱ्या अक्षरात घुसलेलं. 'ल'चं वळण मास्तरांसारखंच, पण दुप्पट मोठं.

"मास्तर गेले नसावेत," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांनी कुणाला तरी शिकवलंय."

"भुजंगाला?" रामकिशनने मान हलवली. "नांगर धरणारा गडी त्यो. त्येला टाक धरायचं ठाऊक न्हाई."

"कागद उलटा करा. हात फिरवून बघा."

रामकिशनने कागद उलटा केला. मागच्या बाजूला प्रत्येक ओळ उठून आली होती. टाक इतका दाबून धरला होता की दोन ठिकाणी कागद फाटायचा राहिला होता. त्याचं बोट पहिल्या ओळीवरून गेलं, दुसरीवरून गेलं. मग परत पहिलीवर आलं. भुजंग मऊ जमिनीतही नांगर असाच दाबायचा, आणि रामकिशन त्याला रोज ओरडायचा.

रामकिशन तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. पटक्याचं टोक त्याने डोळ्यांवर धरलं.

"वरच्या काळ्या ओळींत त्यानं साथीचं आणि मास्तरांनी शिकवल्याचं सांगितलं असेल," सौदामिनीबाई म्हणाल्या. "तुरुंगवाल्यांना ते आवडलं नसेल. पण शेवटची ओळ त्यांनी ठेवलीय. ती मी अजून वाचलेली नाही."

त्या कागदावर वाकल्या.

"सगळ्या पत्रात एकच शब्द सरळ आलाय. एकही अक्षर हललेलं नाही. एवढा हात बसायला शंभर वेळा तरी गिरवला असेल त्यानं."

"कोणचा शबूद?" केवळाबाईने विचारलं.

"'केवळा,'" सौदामिनीबाईंनी वाचलं. "'केवळा, रडू नको. येतोच.'"